दुबईत नवऱ्याचा व्हिसा रद्द होतोय, मुलं तिथंच शाळेत आहेत: आधी काय करायचं?

निपाणीजवळच्या एका ताईंनी दुबईहून विचारलंय. नवरा अल कूझमधल्या एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर, सात वर्षं झाली. कंपनीचं मोठं काँट्रॅक्ट गेलं आणि एचआरनं निरोप दिला: तीन दिवसांत येऊन सह्या करा, व्हिसा कॅन्सल करतोय. भाडं परवडतं म्हणून राहायला शारजात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघं सीबीएसईला. तिथल्या बँकेचं पर्सनल लोन बाकी आहे. गावाकडं घराचं काम स्लॅबपर्यंत आलंय, त्याला पतसंस्थेचं कर्ज आहे, आणि सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. शेवटचा प्रश्न असा, "सगळंच कॅन्सल करूलालेत, आता सामान बांधायचं का?"

ताई, सामानाचं नंतर बघू. आधी सहीचं बोलू. दुबईत एका कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कागदपत्रं बघणारा माणूस, म्हणून मी बरीच वर्षं हीच कॅन्सलेशनची कामं केली. आता बेळगावात बसून आखातात अडकलेल्या आपल्या लोकांना हेच सांगत असतो. एका सहीनं माणसाचे हजारो दिरहम गेलेले मी पाहिलेत, आणि दोन दिवस थांबल्यानं ते वाचलेलेही पाहिलेत.

व्हिसा कॅन्सल होतो तो दोन टप्प्यांत. आधी कामगार मंत्रालयात, म्हणजे मोहरेमध्ये, वर्क परमिट रद्द होतं. त्यानंतर इमिग्रेशनमध्ये रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो. पहिल्या टप्प्याच्या अर्जावर कामगाराची सही लागते आणि त्या कागदावर एक वाक्य छापलेलं असतं: माझे सगळे पैसे मला मिळाले. माणूस घाबरलेला असतो, एचआरवाला घाई करत असतो, कागद अरबी आणि इंग्रजीत असतो. सही होते. पुढं पैसे आले नाहीत तर तक्रारीच्या वेळी कंपनी तोच कागद पुढं करते. म्हणून नवऱ्यांना सांगा की हिशेबाचा कागद हातात आल्याशिवाय आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय, किंवा निदान चेक हातात पडल्याशिवाय, त्या अर्जावर सही करायची नाही. भांडायची गरज नाही. "हिशेब द्या, पैसे द्या, लगेच सही करतो" एवढं शांतपणे म्हणायचं आणि तेच ईमेलनं लिहून पाठवायचं. तीन दिवसांची मुदत कंपनीनं स्वतः घातलेली आहे, कायद्यात तशी मुदत नाही.

दुसरा कागद याहून धोक्याचा. पुष्कळ कंपन्या म्हणतात, "टर्मिनेशन लिहिलं तर तुमचं रेकॉर्ड खराब दिसेल, राजीनामा द्या, आम्ही चांगलं सर्टिफिकेट देतो." हे ऐकायचं नाही. कंपनीनं काढलं असेल तर कागदावर तसंच आलं पाहिजे. राजीनामा दिला की नोटीस पगार मागता येत नाही, आणि बेरोजगारी विम्याचं दारच बंद होतं. तो विमा तुमच्यासारख्या कुटुंबाला या वेळी फार मोठा आधार आहे, त्याचं पुढं सांगतो.

तिसरी युक्ती गोड बोलून केली जाते. "सध्या काम नाही, दोन महिने सुट्टीवर गावी जाऊन या, मग बघू." माणूस देशाबाहेर गेला की कंपनीला त्याच्या गैरहजेरीत व्हिसा रद्द करणं सोपं होतं. मग नवरा निपाणीत, बायकोमुलं शारजात, घरभाड्याचे चेक चालू, आणि सही करायला, तक्रार करायला, बँकेत जायला तिथं कोणी नाही. हिशेब पुरा होईपर्यंत त्यांनी देश सोडू नये.

आता पैसे किती यायला हवेत ते बघू. यूएईचा आजचा कामगार कायदा २०२१ चा, क्रमांक ३३, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात नोटीसचा काळ किमान ३० दिवस आणि जास्तीत जास्त ९० दिवस, करारात असेल तसा. कंपनीला नोटीसच्या काळात माणूस नको असेल तर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा लागतो. नोटीसवर कामाला ठेवलं तर दुसरी नोकरी शोधायला आठवड्यातून एक दिवस बिनपगारी सुट्टी मागता येते. हे फार जणांना माहीत नसतं आणि कंपन्या आपणहून सांगत नाहीत. त्यात उरलेल्या रजेचे पैसे आणि गावी परतायचं तिकीट धरा. दुसऱ्या कंपनीत लागले तर मात्र तिकीट मिळणार नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेब बेसिकवर होतो, पूर्ण पगारावर नाही. इथंच लोकांची निराशा होते. पगार सात हजार असेल आणि करारात बेसिक चार हजार असेल, तर चारच धरायचे. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. बेसिक ४,००० धरलं तर दिवसाला १३३ दिरहम आणि काही फिल्स. म्हणजे पहिल्या पाच वर्षांचे १४,००० आणि पुढच्या दोन वर्षांचे ८,०००, एकूण २२,००० दिरहम. तुमचा आकडा तुमच्या करारातल्या बेसिकवर काढा, पण एचआरकडं जाताना तो कागदावर लिहून न्या. आकडा घेऊन आलेल्या माणसाशी एचआरवाला वेगळं बोलतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. सगळे पैसे करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात.

दिले नाहीत तर मोहरेकडं तक्रार. ती ॲपवरून होते, वकील लागत नाही. २०२४ च्या सुरुवातीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतःच निकाल देऊ शकतं, कोर्टात जावंच लागतं असं नाही. कंपनी फ्री झोनमधली, म्हणजे स्वतःचं प्राधिकरण असलेल्या खास व्यापारी क्षेत्रातली असेल तर आधी त्या फ्री झोनच्या प्राधिकरणाकडं जावं लागतं, आणि दुबईचं डीआयएफसी आणि अबू धाबीचं एडीजीएम या दोन आर्थिक केंद्रांत कायदाच वेगळा आहे. तुमची अल कूझची आहे म्हणजे बहुतेक मेनलँड, फ्री झोनबाहेरची, तरी लेबर कार्डावर बघून घ्या.

बेरोजगारी विमा म्हणजे आयलो. जानेवारी २०२३ पासून तो खाजगी नोकरदारांना सक्तीचा आहे. १६,००० पर्यंत बेसिक असलेल्यांना महिना ५ दिरहम हप्ता. सलग १२ महिने हप्ते भरलेले असले आणि शिस्तभंगासाठी काढलेलं नसलं, तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. चार हजारावर ती महिना २,४०० होते. शारजातलं भाडं नाही तर निदान किराणा आणि शाळेची बस तरी निघेल. पण दावा नोकरी गेल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचा असतो. लोक पहिला महिना रडण्यात आणि फोन करण्यात घालवतात आणि एकतिसाव्या दिवशी आठवण होते. नवऱ्यांचे हप्ते चालू आहेत का, ते आजच बघा.

आता मुदतीचं. व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहायला पूर्वी महिनाभर मिळायचा. ऑक्टोबर २०२२ नंतर तो काळ प्रवर्गानुसार १८० दिवसांपर्यंत झालाय. साध्या नोकरीच्या व्हिशाला ६० धरून चला, आणि कॅन्सलेशनच्या कागदावर छापलेली शेवटची तारीख हीच खरी माना. तुम्ही राहता शारजात, पण व्हिसा दुबईचा आहे, म्हणून तुमचं काम दुबईच्या इमिग्रेशनकडं आणि आमेर सेंटरवर, म्हणजे त्या खात्याचे अर्ज घेणाऱ्या केंद्रावर, होईल. शारजातल्या टायपिंग सेंटरवाल्यानं काही सांगितलं तरी दुबईच्या आमेरवर एकदा विचारून घ्या. तारीख उलटली तर माणशी दिवसाला ५० दिरहम दंड. चौघांचे दिवसाला २०० होतात, दहा दिवसांचे २,०००.

कुटुंबाचे व्हिसे नवऱ्यांच्या व्हिशावर लटकलेले आहेत. नियमानं आधी बायकोमुलांचे रद्द होतात, मग नवऱ्याचा. इथं तीन वाटा आहेत आणि कुठली घ्यायची ते सही करण्याआधी ठरलं पाहिजे. नवऱ्यांना दुसरी नोकरी नक्की मिळत असेल, म्हणजे तोंडी नाही, मोहरेचं ऑफर लेटर आलं असेल, तर कुटुंबाची फाईल होल्डवर ठेवण्याचा अर्ज आमेरवर करता येतो. त्यासाठी डिपॉझिट घेतात, नवा व्हिसा लागला की ते परत मिळतं. दुसरी वाट, तुम्हाला स्वतःला तिथं नोकरी असेल तर मुलं तुमच्या स्पॉन्सरशिपवर घेता येतात. पगाराची अट महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय. तुम्ही नोकरीचं काही लिहिलेलं नाही, पण शारजातल्या आपल्या पुष्कळ बायका नर्सरीत, क्लिनिकमध्ये काम करतात, म्हणून सांगितलं. तिसरी वाट, सगळ्यांचे रद्द करून मुदतीच्या आत निघणं.

चौथी एक वाट लोक आपापसात सांगतात: व्हिजिट व्हिसावर राहा आणि काम करत राहा. नोकरी शोधायला व्हिजिट व्हिसा चालतो, काम करायला नाही. पकडले गेले तर दंड होतो, हद्दपारी होते, आणि त्यानंतर परत जाणं अवघड. मुलं बरोबर असताना हा जुगार कृपा करून खेळू नका.

बँकेचं बोलायला नको वाटतं, पण बोलायलाच हवं. कॅन्सलेशनची खबर बँकेला लागली की लोन असलेलं खातं गोठवलं जातं, आणि शेवटचा हिशेब त्याच खात्यात आला तर तोही त्यात अडकतो. हे बेकायदेशीर नाही, लोन घेताना आपण सही केलेली असते. म्हणून बँकेला ते दुसरीकडून कळण्याआधी स्वतः जाऊन सांगणं शहाणपणाचं. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. लोनबरोबर नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा घेतलाय का ते बघा. पुष्कळांनी तो घेतलेला असतो आणि त्यांना ठाऊकच नसतो. जे ठरेल ते लेखी घ्या.

कर्ज तसंच टाकून पळून यायचं, गावाकडं कोण येतंय विचारायला, असा विचार आपल्याकडं बऱ्याच घरांत होतो. हिशोबी माणसंही हे बोलतात. त्यांना दोन गोष्टी ठाऊक नसतात. बँकेनं केस घातली असेल तर यूएईच्या विमानतळावर, नुसतं विमान बदलायला उतरलं तरी, अडवलं जाण्याची शक्यता राहते. आणि भारत सरकारनं १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ मध्ये घेतलंय. म्हणजे तिथल्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयामार्फत अंमलात आणता येतो. स्लॅबपर्यंत आलेलं घर त्या अंमलबजावणीच्या टप्प्यात येतं. ताई, मला तुम्हाला घाबरवायचं नाही. बँक बहुतेक वेळा हप्ते बांधून द्यायला तयार असते, तिला पैसे हवे असतात. समोर जाऊन बसलेल्या माणसाला ती ऐकते.

घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडं असतील. ते परत मिळेपर्यंत खातं बंद करू नका आणि मुद्दाम रिकामंही करू नका. शिल्लक नाही म्हणून चेक परत गेला तर जानेवारी २०२२ पासून त्यात बहुतेक करून फौजदारी उरलेली नाही, पण खातं बंद करून किंवा पैसे काढून घेऊन चेक बुडवणं अजून गुन्हा आहे. मालकाला कॅन्सलेशनचा कागद दाखवा. करारात लवकर सोडण्याचा दंड काय लिहिलाय ते वाचा आणि मग बोला. डिपॉझिट, वीजपाण्याचं डिपॉझिट, हे सोडून देऊ नका.

आता मुलं, आणि इथं मला जास्त बोलायचंय, कारण आपल्या सीमाभागातल्या कुटुंबाला इथं अशा अडचणी येतात ज्या केरळच्या किंवा मुंबईच्या कुटुंबाला येत नाहीत.

तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, म्हणून सीबीएसईतून सीबीएसईत येणं तसं सोपं. मुलगी आठवीत आहे हे नशीब माना. बोर्डाची नोंदणी नववीत होते, आणि दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. यायचंच असेल तर नववी सुरू होताना येणं तिच्यासाठी सगळ्यात बरं. शाळेची फी थकली असेल तर टीसी अडवतात, म्हणून तेवढी बाकी आधी भागवा. टीसीवर तिथल्या शिक्षण खात्याचे आणि आपल्या दूतावासाचे शिक्के लागतात का, ते इथली शाळा काय मागते त्यावर आहे. घेऊनच या. नंतर निपाणीत बसून ते शिक्के मिळवणं म्हणजे कुरिअर, एजंट आणि दीड-दोन महिने.

इथं आल्यावर शाळा कुठली? कर्नाटकात २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यामुळं शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे, सीबीएसईच्या शाळाही त्यात आल्या. तुमच्या मुलीनं तिथं हिंदी आणि अरबी घेतलं असणार, कन्नडचं एक अक्षर तिला येत नसेल. तिसरीतला मुलगा शेजारच्या पोरांबरोबर खेळून वर्षात बोलायला लागेल. आठवी-नववीतल्या मुलीला वर्गात पहिल्यांदा कन्नड धडा वाचायला उभं केलं तर काय वाटेल, याचा विचार आई म्हणून तुम्ही कराल, माझ्यापेक्षा जास्त. प्रवेश घेण्याआधी शाळेला विचारा: मध्येच आलेल्या मुलांना कन्नडसाठी काय सवलत देता? उत्तर लेखी घ्या. आणि आजपासूनच ऑनलाईन शिकवणी लावा, आत्ता तिथं असतानाच.

निपाणीच्या लोकांना दुसरा मार्ग जवळ आहे. कागल, गडहिंग्लज, कोल्हापूर. पलीकडं मराठी सक्तीची आहे, ती तुमच्या मुलीला घरातूनच येते. पुष्कळ जण तोच मार्ग घेतात. पण पुढचं बघून घ्या. कर्नाटकाच्या सीईटीला इथल्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर साधारणपणे राज्यात सात वर्षं शिकल्याची अट असते, आणि दुबईत वाढलेल्या मुलीची ती बारावीपर्यंत भरत नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. तिथं दहावी-बारावी कुठून केली किंवा कुटुंब कुठल्या गावचं आहे, आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आहे का, हे विचारतात. मुलगी आठवीत आहे, म्हणजे हे ठरवायला तुमच्याकडं अजून वेळ आहे. दहावीनंतर जाग आलेली कुटुंबं माझ्याकडं येतात तेव्हा फार काही करता येत नाही. म्हणून ही एक गोष्ट आजच्या गडबडीतही डोक्यात ठेवा.

मुलांची जन्मनोंद दुबईची असेल आणि तिथल्या आपल्या वकिलातीत भारतीय जन्मदाखला घेतलेला नसेल तर निघायच्या आत घ्या. आधार कार्ड नसेल तर चिंता नको. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना आता १८२ दिवस थांबावं लागत नाही, आल्या आल्या काढता येतं. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण तिथंच करून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न: सगळ्यांनी एकदम यायचं का? माझं स्पष्ट मत, सगळ्यांचा निर्णय एकाच वेळी करू नका. नवऱ्यांचा अनुभव मेंटेनन्सचा आहे आणि त्याला तिथं मागणी असते. ६० दिवसांत त्यांनी नोकरी शोधावी. तुम्ही आणि मुलांनी थांबायचं की नाही, हे शाळेचं सत्र आणि हातातला पैसा बघून ठरवा, लोक काय म्हणतील त्यावर नाही. कागद घ्या. एका बाजूला ग्रॅच्युइटी, नोटीस, रजा, विमा. दुसऱ्या बाजूला भाडं, लोनचा हप्ता, शाळा, पोट, आणि गावाकडचा पतसंस्थेचा हप्ता. तीन महिने निघत असतील आणि सत्र संपायला दोन महिने असतील तर थांबण्यात अर्थ आहे. दीडच महिना निघत असेल तर तुम्ही मुलांना घेऊन या, नवरे तिथं एका बेडस्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, राहून नोकरी शोधतील. त्यात कमीपणा काही नाही. खानापूर, चंदगड, निपाणीकडची किती घरं अशी राहिलीत.

नवी नोकरी शोधताना डिप्लोमा ॲटेस्टेड आहे का, हे विचारतील. यूएई अजून अपोस्टिल, म्हणजे पुष्कळ देशांत चालणारा एकच शिक्का, मानत नाही, त्यामुळं आधी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास असा क्रम लागतो. इथं सीमाभागातल्या माणसाला एक घोळ हमखास होतो. शिक्का कर्नाटकाचा लागेल की महाराष्ट्राचा, ते तुमच्या पत्त्यावर नाही तर प्रमाणपत्र कुठल्या राज्यातलं आहे त्यावर ठरतं. निपाणीचा माणूस, पण डिप्लोमा कोल्हापूरचा किंवा पदवी शिवाजी विद्यापीठाची, तर काम महाराष्ट्राकडून. बेळगावच्या व्हीटीयूची, राणी चन्नम्मा विद्यापीठाची किंवा धारवाडची असेल तर बेंगळुरूकडून. चुकीच्या राज्यात कागद पाठवून महिना घालवणाऱ्यांना मी दरवर्षी भेटतो, आणि त्या महिन्यात हातातली नोकरी जाते.

एजंटांपासून सांभाळा. अशा वेळी फोन येतातच. भारतातून परत जायची पाळी आली तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव असलेल्या परवानाधारक एजंटाकडंच जा. त्याला कायद्यानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा एजंट परवान्याचा असला तरी नियमाचा नाही. आणि थायलंड, कंबोडिया, म्यानमारकडं कॉम्प्युटरवरच्या सोप्या कामाला चांगला पगार सांगणाऱ्यांकडं वळूनही बघू नका. सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत आपली पोरं अडकलीत, परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल इशारे दिलेत.

तिथं मदत हवी असेल तर दुबईत भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. पगार अडकलाय, पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलाय (हे तिथं बेकायदेशीर आहे), खायला पैसे नाहीत, अशा वेळी तिथं जायला लाजू नका. अगदीच हात टेकले तर तिकिटासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, तो २००९ पासून याच कामासाठी आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवली तर तिचा नंबर मिळतो आणि पाठपुरावा करता येतो.

ज्यांची माणसं दुसऱ्या देशात आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सौदीत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं निघायचा परवाना, लागल्यावर ६० दिवस मिळतात, आणि मालकानं हुरूब, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद, लावला नाही ना, ते आधी तपासा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ वरची राहायची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच, आणि एच-४ या कुटुंबाच्या व्हिशावरची माणसंही त्याच घड्याळावर. ब्रिटनमध्ये गृह खात्याचं पत्र येतं, त्यातल्या तारखेपर्यंत, बहुतेक ६० दिवस. तिन्हीकडं घड्याळ वेगळ्या क्षणाला सुरू होतं, म्हणून यूएईचा नियम तिकडं लावू नका.

सासूबाईंचं. सांगा, ताई, याच आठवड्यात, नवऱ्यांनी स्वतः फोन करून. त्यांना काळजी नको म्हणून लपवायचं, हे प्रेमापोटीच असतं, मला कळतं. पण घराचं काम चालू आहे. गवंडी पुढचे पैसे मागणार, त्या पतसंस्थेतून आणखी उचलणार, किंवा सोनेतारण करणार, कारण त्यांच्या हिशेबी पोरगा दुबईत कमावतोय. स्लॅबवर काम थांबलं तर घर पडत नाही. कर्ज वाढलं तर मात्र ते फेडायला जास्तीची वर्षं जातात. पतसंस्थेच्या चेअरमनला किंवा मॅनेजरला नवऱ्यांनीच फोन करावा. हप्ता थकायच्या आत केलेल्या फोनचा मान वेगळा असतो, आपल्याकडच्या संस्था माणूस ओळखून चालतात. जामीनदारांनाही सांगा. नोटीस त्यांच्या दारात गेली तर ती नाती पुन्हा सांधत नाहीत.

शेवटी यावंच लागलं, तर येण्यात हार नाही. मेंटेनन्सचा सात वर्षांचा माणूस उद्यमबागेत, मच्छेला, हत्तरगीच्या एसईझेडमध्ये, आणि निपाणीहून तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणि गोकुळ शिरगावला रोज जाऊन येऊन काम करू शकतो. दुबईचा पगार मिळणार नाही, पण भाडं वाचतं आणि घरी माणसं असतात. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या खात्याचं, बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यायचं असतं. एफडी मुदतीपर्यंत ठरलेल्या व्याजानं चालू राहते, मोडायची घाई करू नका. वर्षाला महिनाभर सुट्टीवर आलेल्या माणसाला परतल्यावर पहिली एक-दोन वर्षं करात बहुतेक "सामान्यतः निवासी नाही" हा दर्जा मिळतो आणि तिथल्या पैशावर इथं कर लागत नाही. सीएला तेवढं नक्की विचारा.

निघताना तिथून चार कागद घेतल्याशिवाय विमानात बसू नका. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा आणि तारखा असलेलं अनुभवाचं प्रमाणपत्र. कॅन्सलेशनची प्रत. बँकेचं बाकी नसल्याचं किंवा ठरलेल्या हप्त्यांचं पत्र. आणि पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट: तिथं असताना ते ॲपवरून निघतं, गावी येऊन काढायचं म्हटलं तर बोटांचे ठसे घ्या, ते ॲटेस्ट करा, पाठवा, असं सुरू होतं. पुढं दुसऱ्या कुठल्याही देशात जायचं झालं तर ते मागतातच. आरोग्य विमा असेपर्यंत मुलांचे दात, डोळे, राहिलेल्या लसी दाखवून घ्या आणि त्यांच्या नोंदी छापून आणा. कॅन्सलेशननंतर तो विमा चालेलच असं नाही.